मधुमेह विभाग, के.ई.एम. रुग्णालय संशोधन केंद्र (पुणे)

हा लेख पुण्यातील के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील मधुमेह विभागाविषयी आहे. मुंबईत परळ येथे असलेले महानगरपालिकेचे के.ई.एम. रुग्णालय ही वेगळी संस्था असून नामसाधर्म्यामुळे दोहोंची अनेकदा गल्लत होते.

मधुमेह विभाग, के.ई.एम. रुग्णालय संशोधन केंद्र हा महाराष्ट्रातील पुणे शहरात रास्ता पेठेत असलेला वैद्यकीय संशोधन विभाग आहे. भारतीयांना मधुमेह कमी वयात आणि तुलनेने सडपातळ अंगकाठीतही का होतो, या प्रश्नाचा शोध हा विभाग १९८०च्या दशकापासून घेत आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या या कामातून ‘थिन-फॅट’, म्हणजे वजनाने हलक्या पण चरबीने भरलेल्या भारतीय बालकाची संकल्पना पुढे आली. मधुमेहाची पूर्वतयारी मातेच्या उदरातच सुरू होते, या मताला भारतातून मिळालेला सर्वांत भक्कम आधार म्हणजे या विभागाने पुण्याजवळच्या सहा खेड्यांत केलेला दीर्घकालीन अभ्यास होय. पालघरसारख्या ज्या जिल्ह्यांत कुपोषणग्रस्त डोंगरपट्टा आणि कारखान्यांची वसाहत शेजारीशेजारी आहेत, त्यांच्या दृष्टीनेही हे निष्कर्ष महत्त्वाचे ठरतात.

== पार्श्वभूमी ==

पुण्याचे के.ई.एम. रुग्णालय १९१२ साली सुरू झाले. डॉ. बानू कोयाजी १९४४ मध्ये तेथे रुजू झाल्या, तेव्हा ते जेमतेम ४० खाटांचे होते. पुढे कित्येक दशके त्यांनी रुग्णालयाचा कारभार पाहिला. शहरातील रुग्णालयाने खेड्यांपर्यंत पोहोचले पाहिजे, या आग्रहातून त्यांनी शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन आरोग्यसेवेत आणण्याची त्यांची पद्धत पुढे सर्वमान्य झाली. १९९३ साली त्यांना रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रुग्णालयाचे संशोधन केंद्र १९७०च्या दशकात स्थापन झाले. घरोघर जाऊन माहिती घेण्याची सवय असलेले रुग्णालय पाठीशी नसते, तर मधुमेह विभागाचे नंतरचे काम प्रयोगशाळेच्या चार भिंतींतच राहिले असते.

डॉ. याज्ञिक यांनी इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड येथे मधुमेहतज्ज्ञ डेरेक हॉकडे यांच्याबरोबर काम केले आणि त्यानंतर पुण्यात परतून संशोधन सुरू केले. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतील मधुमेही पन्नाशी-साठीचा आणि स्थूल होता. पुण्याच्या बाह्यरुग्ण विभागात येणारे अनेक रुग्ण त्याहून दहा-पंधरा वर्षांनी लहान असत आणि त्यांचे वजनही बेताचे असे. हातपाय बारीक, पण पोट मात्र सुटलेले, असे त्यांचे रूप होते. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात शेलगीकर, हॉकडे आणि याज्ञिक यांनी दाखवून दिले, की भारतीयांमध्ये रक्तशर्करेच्या वाढीशी संबंध एकंदर लठ्ठपणापेक्षा पोटावरच्या चरबीचा अधिक आहे.

याच सुमारास इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथे डेव्हिड बार्कर हे हर्टफर्डशायरमधील जुन्या जन्मनोंदी तपासत होते. जन्मतः वजन कमी असलेल्यांना उतारवयात हृदयविकार आणि मधुमेह अधिक होतो, असे त्यांना आढळले. पोटात असताना अन्न कमी पडलेला गर्भ काटकसरीने वाढतो आणि पुढे सुबत्ता आल्यावर तीच काटकसर अंगलट येते, अशी मांडणी हेल्स व बार्कर यांनी १९९२ मध्ये केली. तिच्यावर जगभर वाद झाला. जेथे कमी वजनाची बाळे हा अपवाद नसून नित्याची गोष्ट आहे, अशा देशात ही कल्पना तपासणे क्रमप्राप्तच होते. साउथॅम्प्टनचा गट आणि पुण्याचा विभाग यांचे सहकार्य त्यातून सुरू झाले.

== पुणे बालक अभ्यास ==

पहिला प्रयत्न रुग्णालयातच झाला. १९८७ ते १९८९ या काळात के.ई.एम. रुग्णालयात जन्मलेल्या मुलांची जन्मवजने उपलब्ध होती. ही मुले चार वर्षांची झाल्यावर त्यांना ग्लुकोजचे पाणी देऊन रक्त तपासण्यात आले. ज्यांचे जन्मवजन कमी होते त्यांच्या रक्तात ग्लुकोज व इन्सुलिन अधिक आढळले. १९९५ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. हीच मुले आठ वर्षांची असताना ४७७ जणांची पुन्हा तपासणी झाली. जन्मतः सर्वांत हलकी आणि आठव्या वर्षी सर्वांत जड असलेली मुले इन्सुलिनला सर्वाधिक अवरोध दाखवत होती. घरात बारीक मुलाला ‘बाळसे धरू दे’ म्हणून भरवले जाते. त्या मायेला या आकड्यांनी एक अवघड प्रश्न विचारला आहे. मात्र याचा अर्थ लहान मुलाला उपाशी ठेवावे असा होत नाही. संशोधकांनीही तसे सुचवलेले नाही.

== पुणे माता-पोषण अभ्यास ==

बालक अभ्यासात एक मोठी उणीव होती. बाळाचे वजन माहीत होते, पण आईने गरोदरपणी काय खाल्ले, किती कष्ट केले, ती स्वतः कशी होती, यांची नोंद नव्हती. ती भरून काढण्यासाठी १९९३ मध्ये पुण्याजवळची सहा गावे निवडण्यात आली. विवाहित व गर्भधारणा होऊ शकेल अशा सुमारे अडीच हजार स्त्रियांची नोंद झाली. कार्यकर्त्या दरमहा घरी जाऊन पाळीची तारीख लिहून घेत, त्यामुळे गर्भधारणा अगदी सुरुवातीलाच कळे आणि स्त्रीचे गरोदरपणापूर्वीचे वजन हाती असे. भारतातील फारच थोड्या अभ्यासांत ही माहिती मिळते. १९९४ ते १९९६ या काळातील ७९७ गरोदरपणांचा तपशीलवार अभ्यास झाला. पित्यांचीही मोजमापे घेण्यात आली.

या माता सरासरी २१ वर्षांच्या, सुमारे १५२ सेंटीमीटर उंचीच्या होत्या आणि त्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा निर्देशांक, १८.१ होता. जागतिक मोजपट्टीनुसार १८.५ च्या खाली कमी वजन धरले जाते. म्हणजे येथील ‘सरासरी’ स्त्रीच कमी वजनाची होती. आहाराचा भाग पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील शोभा राव यांनी सांभाळला. गरोदरपणाच्या १८व्या आठवड्यात या स्त्रियांना रोज सुमारे १,७७० किलोकॅलरी ऊर्जा आणि ४५ ग्रॅम प्रथिने मिळत होती. २८व्या आठवड्यात, म्हणजे गरज वाढलेली असताना, हे प्रमाण वाढण्याऐवजी किंचित घटले.

२००१ साली प्रसिद्ध झालेल्या या भागाचा निष्कर्ष अनपेक्षित होता. एकूण कॅलरी व प्रथिने यांचा बाळाच्या आकाराशी ठळक संबंध दिसला नाही. तो दिसला दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे यांच्याशी. पोट भरण्यापेक्षा ताटात काय आहे याला महत्त्व होते. याच गटाने पुढे स्त्रियांच्या श्रमांचाही हिशेब मांडला. शेतातील काम, विहिरीवरून पाणी वाहणे अशी कष्टाची कामे गरोदरपणात अधिक करणाऱ्या मातांची बाळे लहान होती. बाळंतिणीला डिंकाचे व अळिवाचे लाडू देण्याची आपली रीत चांगलीच आहे, परंतु ती सुरू होते तोवर गर्भाची घडण पूर्ण झालेली असते.

=== हलके, तरी चरबीयुक्त बाळ ===

जन्मानंतर ७२ तासांच्या आत प्रत्येक बाळाची मोजणी झाली. त्यात वजन, लांबी, डोक्याचा, दंडाचा व पोटाचा घेर, आणि कॅलिपर नावाच्या चिमट्याने पाठीवरील त्वचेखालच्या चरबीची घडी यांचा समावेश होता. या आकड्यांची तुलना साउथॅम्प्टन येथील बाळांशी करून २००३ मध्ये निबंध प्रसिद्ध करण्यात आला. पुण्याकडील पूर्ण दिवसांच्या ६३१ बाळांचे सरासरी वजन २.७ किलोग्रॅम होते, तर साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलोग्रॅम.

आठशे ग्रॅमची ही तूट शरीरात सर्वत्र सारखी पसरलेली नव्हती. संख्याशास्त्रातील प्रमाण विचलन या एककात सांगायचे तर पोटाचा घेर २.३८ने, वजन १.७४ने आणि लांबी १.०१ने कमी होती. पाठीवरील चरबीची घडी मात्र केवळ ०.५३ने कमी भरली. नवजात बाळाचा पोटाचा घेर मुख्यतः यकृतासारख्या इंद्रियांमुळे ठरतो, प्रौढांप्रमाणे चरबीमुळे नव्हे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. म्हणजे इंद्रिये आणि स्नायू यांच्या वाट्याला सर्वाधिक कपात आली होती आणि चरबी बरीचशी राखली गेली होती. दिसायला किडकिडीत अशा या बाळांच्या शरीरात चरबीचे प्रमाण त्यांच्या वजनाच्या मानाने अधिक होते.

चिमट्याने घेतलेल्या मोजमापावर शंका घेता येते. म्हणून निरनिराळ्या मार्गांनी पडताळणी झाली. पुणे व लंडन येथील नवजात बाळांच्या नाळेतील रक्ताची तुलना २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. चरबीच्या पेशींत तयार होणारे लेप्टिन हे संप्रेरक आणि इन्सुलिन या दोहोंचे प्रमाण भारतीय बाळांत त्यांच्या वजनाच्या मानाने अधिक होते. २००९ मध्ये नीना मोदी आणि सहकाऱ्यांनी याज्ञिक यांच्यासह केलेल्या एमआरआय तपासणीतही भारतीय नवजातांच्या पोटात अधिक चरबी असल्याचे दिसले.

== इन्सुलिनचे कार्य आणि त्यातील बिघाड ==

इन्सुलिन हे स्वादुपिंडातील बीटा पेशींत तयार होणारे ५१ अमिनो आम्लांचे संप्रेरक आहे. १९२१ साली टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी ते वेगळे केले. १९२३ चे नोबेल पारितोषिक मात्र बँटिंग व मॅक्लिऑड यांना मिळाले. जेवणानंतर रक्तात ग्लुकोज वाढले की बीटा पेशी इन्सुलिन सोडतात. स्नायू व चरबी यांच्या पेशींवर इन्सुलिनसाठी ठरावीक ग्राहक रेणू असतात. इन्सुलिन त्यांना चिकटले की पेशीच्या आतील ग्लुकोजवाहक रेणू पृष्ठभागावर येतात आणि ग्लुकोज आत जाते. यकृताला मिळणारा संदेश वेगळा असतो, तो ग्लुकोज बनवणे थांबवण्याचा.

हा संदेश पोहोचूनही पेशी पुरेसा प्रतिसाद देत नाहीत, या अवस्थेला इन्सुलिन-अवरोध म्हणतात. स्नायू कमी असतील तर ग्लुकोज साठवायला जागाच कमी राहते. पोटातील चरबी यकृताकडे सतत मेदाम्ले पाठवत राहिली, तर यकृतही संदेशाकडे दुर्लक्ष करू लागते. कमी स्नायू आणि अधिक चरबी हे नेमके पुण्याच्या बाळांचे वर्णन आहे. अवरोध वाढला तरी बीटा पेशी जादा इन्सुलिन काढून काही वर्षे वेळ निभावून नेतात. त्यांचा दम संपला की रक्तशर्करा चढते.

सहा गावांतील मुलांची तपासणी ६, १२ व १८ व्या वर्षी झाली आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी अनेकांना धक्का दिला. अठराव्या वर्षी मुलांपैकी ३७ टक्क्यांत आणि मुलींपैकी १८ टक्क्यांत रक्तशर्करा सामान्य मर्यादेबाहेर होती. हे तरुण लठ्ठ नव्हते, अनेक जण कमी वजनाचे होते. ज्यांच्यात हा बिघाड आढळला त्यांची उपाशीपोटीची रक्तशर्करा सहाव्या वर्षीच इतरांहून थोडी वरच्या बाजूला होती आणि त्यांच्या बीटा पेशी अवरोधाच्या मानाने कमी इन्सुलिन देत होत्या. गर्भावस्थेत ज्यांची वाढ खुंटली होती त्यांच्यात हे अधिक होते. मधुमेह हा मध्यमवयात जडणारा आजार आहे, या समजुतीला यामुळे मोठाच छेद गेला.

== ब-१२ जीवनसत्त्वाचा प्रश्न ==

अभ्यासातील सुमारे दोन-तृतीयांश मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती. फॉलिक आम्लाची कमतरता जवळजवळ कोणातही नव्हती. ब-१२ वनस्पतींत नसते. ते मांस, मासे, अंडी, दूध यांतूनच मिळते. दूध विकून घरखर्च चालवणाऱ्या शाकाहारी किंवा क्वचितच मांसाहार करणाऱ्या कुटुंबांतील स्त्रीच्या वाट्याला ते किती येणार, हे सांगायला नको. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधानुसार ज्या मातांच्या रक्तात फॉलिक आम्ल अधिक आणि ब-१२ कमी होते, त्यांची मुले सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वाधिक अवरोध दाखवत होती.

या निष्कर्षाचा विपर्यासही होऊ शकतो. गरोदर स्त्रियांना शासकीय आरोग्यसेवेतून लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या दिल्या जातात. फॉलिक आम्लामुळे बाळाच्या मज्जारज्जूतील जन्मजात दोष टळतात, हे निर्विवाद सिद्ध झालेले आहे. तेव्हा गोळ्या बंद कराव्यात असा अर्थ यातून निघत नाही. प्रश्न ब-१२ ची जोड देण्याचा आहे. शिवाय हा निरीक्षणातून दिसलेला संबंध आहे. कारण आणि परिणाम सिद्ध करण्यासाठी प्रयोगच करावा लागतो.

तो प्रयोग ‘प्रिया’ या नावाने २०१२ मध्ये याच गावांत सुरू झाला. त्याचा आराखडा विलक्षण आहे, कारण त्यात सहभागी झालेले तरुण-तरुणी म्हणजे १९९४-९६ मध्ये आईच्या पोटात असल्यापासून अभ्यासले गेलेलीच मुले होत. काहींना रोज २ मायक्रोग्रॅम ब-१२, काहींना ब-१२ सह इतर सूक्ष्म पोषकद्रव्ये आणि काहींना औषधविरहित गोळी देण्यात आली. गरोदरपणापूर्वीच आईचे पोषण सुधारले तर पुढच्या पिढीत काय फरक पडतो, हे पाहण्याचा हेतू होता. २०२१ मध्ये आलेल्या एका निबंधानुसार केवळ ब-१२ घेतलेल्या मातांची मुले दोन वर्षांची असताना आकलन व भाषा या कसोट्यांवर तुलनागटाहून सरस ठरली. हालचालींच्या कसोटीत फरक दिसला नाही. मुलांची संख्या लहान असल्याने हा निकाल जपूनच वाचला पाहिजे. मधुमेहाविषयीचे उत्तर मिळण्यासाठी ही तिसरी पिढी मोठी व्हावी लागेल.

== वाय-वाय विरोधाभास ==

विभागाचे सर्वाधिक परिचित प्रकाशन हे एक छायाचित्र आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी स्वतःचीच शरीरे उदाहरणादाखल मांडली. इंग्रजीत दोघांच्याही आडनावाचे आद्याक्षर ‘वाय’ असल्यामुळे हे नाव पडले. दोघांचाही बीएमआय २२.३, म्हणजे अगदी निर्दोष. पण क्ष-किरण तपासणीत युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे होते. याज्ञिकांनी आपला व्यायाम सांगितला तो रुग्णालयाच्या लिफ्टचे दार मिटण्यापूर्वी धावत आत शिरण्याचा. आपले जन्मवजन कमी होते, हेही त्यांनी नमूद केले होते.

विनोदाचा भाग सोडला, तरी त्याचा व्यवहारातील अर्थ गंभीर आहे. २००९ मधील भारतीय तज्ज्ञांच्या सहमतीनुसार भारतीयांसाठी २३ पासून अधिक वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरला जातो, जागतिक मोजपट्टीप्रमाणे २५ व ३० पासून नव्हे. कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर मानली जाते. आशा स्वयंसेविका तिशीपुढील व्यक्तींचे जे तपासणीपत्रक घरोघर भरतात, त्यात वजनाऐवजी कमरेचा घेर विचारला जातो. साध्या शिवणटेपेने होणारे हे मोजमाप वजनकाट्याहून अधिक काही सांगते.

== कुपोषण, मधुमेह आणि पालघर ==

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांपैकी बरेच जण अभावात जन्मून नंतर तुलनेने सुबत्तेत आलेले आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात हे स्थित्यंतर काही तासांच्या बसप्रवासात दिसते. जव्हार, मोखाडा, विक्रमगड हे आदिवासी तालुके बालकांच्या कुपोषणासाठी अनेक वर्षे चर्चेत आहेत. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील १९९२-९३ मधील बालमृत्यूंनी साऱ्या राज्याला हादरवले होते. दुसरीकडे बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. तेथे पाळ्यांमध्ये काम, बाहेरचे खाणे आणि बैठे श्रम हा दिनक्रम असतो. डोंगरावर कमी वजनाने जन्मलेला मुलगा विशीत बोईसरला कामाला लागला, तर पुण्याच्या अभ्यासाने दाखवलेली दोन्ही कारणे त्याच्यात एकत्र येतात. अंगाने बारीक असल्यामुळे त्याची साखर तपासावी असे कोणाला सुचत नाही.

कुपोषित व्यक्तीला होणारा मधुमेह वेगळा असतो का, हा जुना वाद आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये कुपोषणजन्य मधुमेह हा स्वतंत्र वर्ग मानला आणि १९९९ मध्ये पुरावा अपुरा म्हणून तो काढून टाकला. वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि न्यूयॉर्कमधील आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालयाचे मधुमेह केंद्र यांनी २०२२ मध्ये दाखवले, की अशा रुग्णांत मुख्य दोष इन्सुलिनच्या अवरोधाचा नसून इन्सुलिन कमी तयार होण्याचा आहे. एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने या प्रकाराला ‘टाइप ५’ असे नाव दिले. सर्व तज्ज्ञ त्याच्याशी सहमत नाहीत. उपचाराच्या दृष्टीने मात्र हा भेद महत्त्वाचा आहे, कारण आधीच कृश असलेल्या रुग्णाला ‘वजन कमी करा, भात सोडा’ हा नेहमीचा सल्ला अपायकारक ठरू शकतो.

राज्य शासनाने २०१५ मध्ये आदिवासी क्षेत्रातील गरोदर व स्तनदा मातांसाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली. तीत अंगणवाडीतून एक वेळचे पूर्ण जेवण दिले जाते. पालेभाजी, फळ आणि अंडे यांना त्या ताटात असलेले स्थान पुण्याच्या आहारविषयक निष्कर्षांशी जुळणारे आहे. तथापि सहा गावांचे निष्कर्ष पालघरला जसेच्या तसे लावता येत नाहीत. डहाणू-सातपाटीच्या किनाऱ्यावर मासळी रोजची आहे आणि डोंगरातही सुकट-बोंबील आठवडी बाजारातून पोहोचतात. त्यामुळे ब-१२ च्या कमतरतेचे चित्र तेथे पुणे परिसरातील कोरडवाहू गावांपेक्षा वेगळे असण्याचा संभव आहे. वारली, कोकणा, कातकरी, मल्हार कोळी या समाजांतील नवजातांच्या चरबीची व स्नायूंची घडणही वेगळी असू शकेल, आणि त्यासाठी कॅलिपर व टेप घेऊन तेथील पाड्यांवरच जावे लागेल.